रॅपरचा ‘हसल’ मराठीत कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: एका अमेरिकन रॅपरच्या लांबलचक मुलाखतीचं मराठी करायचं आहे. तो आपली उमेदवारीची वर्षं, मिळालेलं यश आणि ‘स्ट्रीट्स’ सोडल्यानंतरचं आयुष्य यांबद्दल बोलतो. ‘हसल’ (hustle) हा शब्द सारखा येतो. ‘परिश्रम’, ‘संघर्ष’, ‘धडपड’ लावून पाहिलं, पण वाचताना रॅपर बोलतोय असं न वाटता सत्कार समारंभातले प्रमुख पाहुणे बोलतायत असं वाटतं. मग कोणता शब्द वापरावा? आणि ‘स्ट्रीट्स’चं काय करावं?

तुमचा कान तयार आहे. हे तिन्ही शब्द फार सोवळे आहेत. परिश्रम करणाऱ्याला पोलीस पकडत नाहीत. हसल करणाऱ्याला पकडतात, निदान त्याच्या गोष्टीच्या पूर्वार्धात तरी.

मुळात हा शब्द सज्जनांच्या घरातला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो डचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता हलवणं, खुळखुळवणं. टोपीत नाणी घालून ती खुळखुळवायची असा एक जुगार होता, त्याचं नावच ‘हसल-कॅप’. (फसवण्याला आपण ‘टोपी घालणं’ म्हणतो. दोघांचं काही नातं नाही, पण योगायोग झकास आहे.) अठराव्या शतकात अर्थ झाला धक्काबुक्की करणं, मग घाई करणं. १८४०च्या सुमारास अमेरिकेत त्याला वाकड्या वाटेनं झटपट पैसा काढण्याचा अर्थ चिकटला आणि त्याच शतकाच्या अखेरीस गिऱ्हाइकाच्या मागे लागून माल खपवण्याचा. विसाव्या शतकात वेश्याव्यवसायही त्यात आला. एवढं सगळं एका शब्दाच्या पोटात आहे, आणि बोलणारा त्यातलं काहीही बाहेर काढून टाकत नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकेत या शब्दाला जी धार आली ती पाहायची तर कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचं १९६५चं आत्मचरित्र उघडावं. त्यात ‘हसलर’ नावाचं एक प्रकरणच आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत त्यांनी काय काय विकलं, कुठे कुठे हात मारला, ते त्यात येतं. पुढच्या दोन प्रकरणांची नावं बघा: ‘सापडलो’ आणि ‘पकडलो गेलो’ अशा अर्थाची. म्हणजे हसलला लागूनच सापळा आणि तुरुंग उभे आहेत. ‘कठोर परिश्रम’ म्हटलं की हा सगळा शेजार गायब होतो.

रॅपच्या पिढीनं हा शब्द उचलला तो क्रॅकच्या (कोकेनचा धूर करून ओढायचा स्वस्त प्रकार) काळात. १९८६च्या अमेरिकन कायद्यानं क्रॅकच्या ५ ग्रॅमला जी किमान पाच वर्षांची सक्तीची शिक्षा ठरवली, तीच पूड कोकेनच्या ५०० ग्रॅमला. गरीब काळ्या वस्त्यांत विकलं जायचं ते क्रॅक. २०१०मध्ये हे शंभरास एकचं प्रमाण अठरास एकवर आणलं गेलं, तोवर एक अख्खी पिढी आत जाऊन आली होती. खिशातल्या चिमूटभर मालासाठी पाच वर्षं, हे डोक्यात ठेवून नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोराच्या तोंडी ‘हसल’ येतो तेव्हा त्यात कष्ट असतात, पण त्याहून जास्त सावधगिरी असते. कोण येतंय, कोण बघतंय, कुणावर विश्वास टाकायचा. रामदासांनी ‘सावधपण’ आणि ‘साक्षेप’ (नेटानं केलेला उद्योग) लागोपाठ सांगितले आहेत ते मला इथे आठवतात. दोन्ही एकत्र केले तर हसलच्या बरंच जवळ जातं. पण ‘साक्षेपी’ हे विशेषण आता फक्त ग्रंथसंपादकांना लागतं, तेव्हा तो मार्ग बंद.

आता खरी अडचण. जे-झी हा रॅपर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत वाढला, पोरवयात क्रॅक विकत होता हे त्यानं स्वतःच सांगितलंय. कुणी करार करेना म्हणून दोघा साथीदारांबरोबर स्वतःची कंपनी काढून १९९६मध्ये पहिला अल्बम आणला आणि २०१९मध्ये ‘फोर्ब्स’नं त्याला हिप-हॉपमधला पहिला अब्जाधीश म्हटलं. असा माणूस पूर्वीच्या विक्रीलाही हसल म्हणतो आणि नंतरच्या कंपनीलाही. हे भाषेचं दारिद्र्य नव्हे, त्याला तेच म्हणायचं असतं. माल बदलला, अक्कल तीच. अनुवादकानं आधीच्याला ‘गुन्हेगारी’ आणि नंतरच्याला ‘उद्योजकता’ केलं की रॅपरचा सगळा दावाच खोडला गेला. वाचकाला वाटणार, पोरगा बिघडला होता, मग सुधारला. तो तर सांगतोय की मी तोच आहे.

म्हणून असा शब्द हवा जो दोन्ही बाजूंना चालेल, आणि मराठीत तो आहे: ‘धंदा’. धंदा उजळ माथ्यानं करता येतो आणि दोन नंबरचाही करता येतो. ‘त्याचा धंदा चांगला चाललाय’ यात कौतुक आहे, ‘हे कसले धंदे लावलेस?’ यात कानउघाडणी आहे, आणि ‘धंद्याला लावलं’ यात तिसराच अंधार आहे. इंग्रजी हसलनं ज्या ज्या गल्ल्या पाहिल्यात त्या बहुतेक सगळ्या धंद्यानंही पाहिल्यात. ‘उद्योग’ही थोडा असाच आहे (‘नसते उद्योग’), पण तो कारखानदारीच्या बाजूला फार झुकलाय.

धंदा हे नाम झालं, क्रियेसाठी ‘खटपट’ घ्या. धडपडीत पडणं आहे, हेतू चांगला असून जमत नाही अशी एक केविलवाणी छटा आहे. खटपट करणारा हुशार असतो. ओळख काढतो, दार वाजवतो, एक दार बंद झालं तर मागच्या दारानं येतो. ‘खटपट्या माणूस’ म्हणताना आपण अर्धं कौतुक करतो आणि अर्धं सावध राहतो, हसलरकडेही लोक तसंच बघतात. जिथे काळ्याकरड्या मार्गाचा वास द्यायचाय तिथे ‘खटपटी-लटपटी’ हा जोडशब्द तयारच आहे.

उदाहरणादाखल मीच रचलेलं एक वाक्य: ‘वयाच्या चौदाव्या वर्षापासून मी हसल करतोय.’ याचं ‘चौदाव्या वर्षापासून मी परिश्रम करत आहे’ हे शाळेच्या स्मरणिकेत शोभेल. ‘चौदाव्या वर्षी धंद्याला लागलो, अजून थांबलो नाही’ यात माणूस दिसतो, आणि कसला धंदा हे वाचकानं ओळखायचं राहतं. मूळ वाक्यातही ते तसंच राहिलेलं असतं.

कुणाला हसल करणं म्हणजे गंडवणं, हे मात्र वेगळं ठेवा. बिलियर्ड्सच्या टेबलावर आधी नवखेपणाचं सोंग आणून मग पैजेची रक्कम वाढली की खरा खेळ दाखवणारा ‘पूल हसलर’ असतो, त्याला सरळ ‘ठक’ म्हणा. आणि ‘साइड हसल’ला तर आपल्याकडे ‘जोडधंदा’ इतका नेमका शब्द आहे की तिथे इंग्रजी वापरण्याचं काही कारणच नाही. ‘जुगाड’ कुणीतरी सुचवेलच. जुगाड म्हणजे अडलेलं काम कसंबसं भागवणं, त्यात वर्षानुवर्षांची चिकाटी नाही. तो नको.

‘हसल’ तसाच देवनागरीत ठेवावा का? रॅपर त्या शब्दावरच बोलत असेल, त्याची व्याख्या करत असेल, तिथे ठेवावाच लागेल. पण एक फजिती सांभाळा. अनुस्वार न देता टंकणारे आपल्याकडे थोडे नाहीत, त्यामुळे ‘हसल’ म्हणजे ‘हसलं’ असं वाचणारे निघतातच. ‘त्यानं आयुष्यभर हसल केलं’ हे वाक्य तर धड रडवतही नाही. पहिल्यांदा येईल तिथे अवतरणात टाका आणि पुल्लिंगी चालवा: ‘माझा हसल’, ‘तो हसल’. नपुंसकलिंगी केलात तर ‘माझं हसल’ वाचून गोंधळ वाढेल. ‘हसलर’ला तेवढा धोका नाही.

याच कुटुंबातले आणखी काही शब्द मुलाखतीत येणार म्हणून सांगतो. ‘ग्राइंड’ म्हणजे राबणं, रोज तेच ते, त्यात हसलमधली चतुराई नाही. ‘फ्लिप’ म्हणजे पैसा फिरवणं. हा आपला अगदी चालता वाक्प्रयोग आहे, आणि अशा फिरत्या पैशाला ‘खेळतं भांडवल’ म्हणता येतं. ‘ट्रॅप’ म्हणजे अमली पदार्थ विकण्याचा अड्डा. अटलांटाच्या रॅपचा एक अख्खा प्रकार त्या नावानं ओळखला जातो. ‘अड्डा’ बरोबर आहे, पण ट्रॅपमधला सापळा त्यात निसटतो. एखाद्या ठिकाणी ‘अड्डा म्हणजे सापळाच’ असं फोडून लिहायला हरकत नाही.

यशाकडे फार वेळ घालवायला नको. रॅपर ‘यशस्वी झालो’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो त्याचा अर्थ असतो ‘सुटलो’, ‘बाहेर पडलो’. मराठीत गरिबीतून माणूस ‘वर येतो’, म्हणजे आपली कल्पना शिडीची, त्याची दाराची. ‘सुटलो’ चांगला चालेल, कारण तो शिक्षेतूनही सुटतो आणि पाशातूनही. ‘कष्टाचं चीज झालं’ हा मोह मात्र आवरा. रॅपच्या बोलीत ‘चीज’ म्हणजे पैसा. आपला शब्द फारसीतून आलेला आणि त्यांचा पनीरवाला, पण वाचक हसेल.

‘स्ट्रीट्स’वर मात्र थांबावं लागेल. ‘रस्ता’ शब्द वापरलात की मराठी वाक्य हातातून जातं. ‘मी रस्त्यावरून आलोय’ म्हणजे चालत आलो. ‘रस्त्यावर आलो’ म्हणजे दिवाळं निघालं. ‘रस्त्यावर उतरलो’ म्हणजे मोर्चा काढला. ‘रस्त्यावरचा’ म्हणजे बेघर. या चारांपैकी एकही अर्थ त्याला नकोय. ‘द स्ट्रीट्स’ या अनेकवचनात एक वस्ती, तिथले कायदे, टोळ्या, शब्द पाळण्याच्या पद्धती आणि नाक्यावरचा धंदा असं सगळं येतं. आपल्याकडे याला जवळचे शब्द ‘वस्ती’ आणि ‘नाका’. ‘वस्तीनं मला घडवलं’, ‘नाक्यावर शिकलो’ हे बरोबर बसतं. ‘गल्ली’ही चालेल, पण तिला एक लाडिक बालपणीचा रंग आहे, तिथे क्रिकेट खेळतात. नाक्यावर वेगळं चालतं.

आणि ‘रस्त्यापलीकडचं आयुष्य’ असं शीर्षक देऊ नका. पलीकडे म्हटलं की माणूस तिथून निघून गेला असं होतं. प्रत्यक्षात अनेकांची गोष्ट तशी नाही. निप्सी हसल या रॅपरचंच बघा. खरं नाव एर्मियास असगेडोम, वडील एरिट्रियाचे, लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ भागात वाढलेला, तरुणपणी टोळीत. निप्सी रसेल या विनोदी कलाकाराच्या नावावर बेतलेलं नाव त्यानं घेतलं आणि त्यात हसल घातला, तोही दोन ‘एस’ देऊन. २०१३मध्ये त्यानं एक मिक्सटेप (स्वतःच काढलेला गाण्यांचा संग्रह) नेटवर फुकट ठेवली आणि त्याच वेळी तिच्या हजार प्रती प्रत्येकी १०० डॉलरला काढल्या. फुकट मिळणारी गोष्ट शंभर डॉलरला. जे-झीनं त्यातल्या शंभर घेतल्या. हा व्यवहार ‘परिश्रम’ या शब्दात कुठे बसतो ते मला सांगा. यात गिऱ्हाइकाची नाडी ओळखणं आहे, धारिष्ट आहे, थोडी नाटकबाजी आहे, आणि फसवणूक अजिबात नाही. हा धंदा आहे, पूर्ण अर्थानं.

२०१७मध्ये त्यानं कपड्यांचं दुकान थाटलं ते क्रेनशॉ आणि स्लॉसन या रस्त्यांच्या त्याच चौकाजवळच्या दुकानांच्या आवारात, जिथे तो पूर्वी घोळक्यात उभा राहून किरकोळ विक्री करत असे. पुढे भागीदाराबरोबर ते आवारच विकत घेतलं. ३१ मार्च २०१९ला त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. चौकाला आता त्याचं नाव आहे. या माणसाच्या आयुष्यात ‘पलीकडे’ कुठे दाखवणार? तो नाक्यावरून गेलाच नाही, नाका त्यानं नावावर करून घेतला. त्यामुळे मुलाखतीतला रॅपर वस्ती सोडून गेलाय, तिथेच राहिलाय, की राहतो दुसरीकडे आणि पैसा तिथे लावतो, हे आधी नीट वाचून ठरवा. पहिल्याला ‘वस्ती सुटल्यावर’, दुसऱ्याला ‘नाक्यावरचे दिवस संपल्यावर’, तिसऱ्याला नुसतं ‘नंतर’. ‘नंतर’ हा शब्द आपण उगाच कमी लेखतो.

राहिली एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. वरचं सगळं पुरुष रॅपर धरून लिहिलंय. मुलाखत देणारी बाई असेल तर ‘मी धंदा करत होते’ या वाक्याचा मराठीत एकच अर्थ लागतो, आणि तो अर्थ तिला अभिप्रेत असेलच असं नाही. इंग्रजीत हसललाही तो अर्थ आहे, पण तिथे तो दहांतला एक, इथे दहाही. तिथे ‘धंदा’ बाजूला ठेवून ‘खटपट’ पुढे आणा: ‘पंधराव्या वर्षापासून पैशासाठी खटपट करतेय.’ ‘माझा धंदा’ हे मालकीचं रूप मात्र तिच्याही तोंडी निर्धास्त चालतं, विशेषतः ती कंपनी, कर्मचारी किंवा करार यांबद्दल बोलत असेल तेव्हा.