मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्या टाउनच्या बॅलटवर सीपीए (कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट) आलाय, प्रॉपर्टी टॅक्सवर १.५ टक्के सरचार्ज. खिशाला किती बसेल, आणि हो म्हणावं का?

मी हो म्हणेन, अगदी मनापासून. आमच्या टाउनमध्ये हा सरचार्ज आहे आणि दरवर्षी मी तो आनंदाने भरते.

आधी भीती काढून टाका, हे १.५ टक्के घराच्या किमतीवर नाहीत, टॅक्सच्या बिलावर आहेत. म्हणजे समजा घर ६ लाख डॉलरचं आणि रेट हजाराला १२ डॉलर, तर टॅक्स ७,२०० आणि त्यावर सरचार्ज वर्षाला १०८ डॉलर. तुमच्या टाउनने घराच्या किमतीतले पहिले १ लाख वगळायची सूट ठेवली असेल तर फक्त ९०. कमी उत्पन्नवाल्यांना आणि मध्यम उत्पन्नाच्या, वय ६० किंवा जास्त असलेल्यांना पूर्ण माफीही ठेवता येते, पण ती आपोआप मिळत नाही, असेसरकडे (टाउनचं घरांची किंमत ठरवणारं ऑफिस) दरवर्षी अर्ज द्यावा लागतो, हे तुमच्या शेजारच्या आजीआजोबांना जरूर सांगा.

पैसा जातो कुठे, तर मोकळ्या जागा, ऐतिहासिक वास्तू, परवडणारी घरं, प्रत्येकाला निदान १० टक्के, आणि उरलेला या तिन्हींत किंवा मैदानं-पार्कमध्ये. शाळेच्या पगाराला किंवा रोजच्या डागडुजीला तो वापरताच येत नाही, आणि मला तेच आवडतं, कारण बजेटची ओढाताण झाली की पहिली कात्री याच गोष्टींना लागते. वर राज्याकडूनही भर पडते, ती घराची कागदपत्रं रजिस्टर करताना आपण जी फी भरतो त्यातून. कायदा २००० चा, सुरुवातीच्या वर्षांत टाउनच्या प्रत्येक डॉलरला राज्याचा एक डॉलर मिळायचा, मग सीपीए घेणारी टाउन्स वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा घटला, म्हणून २०१९ च्या शेवटी बहुतेक कागदांवरची फी २० वरून ५० डॉलर केली. पण सरचार्ज लावलाच नाही तर तुमची फी तशीही जाते, फक्त फायदा बॉस्टन-केंब्रिजसारख्या शहरांना होतो!

आता माझं खरं म्हणणं. हो म्हणून घरी बसू नका. कुठल्या कामाला पैसे द्यायचे याची शिफारस ५ ते ९ जणांची कमिटी करते, टाउन मीटिंगला (टाउनचं बजेट मंजूर करणारी सभा) ती रक्कम कमी करता येते, नाकारता येते, पण वाढवता येत नाही, म्हणजे कमिटीत जे सुटलं ते सुटलंच. मैदानासाठी बोलायला आईबाप गर्दी करतात, जुन्या इमारतींना हिस्टॉरिकलवाले असतातच, पण ज्यांना टाउनमध्ये घर परवडत नाही ते सुनावणीला येणार कसे, ते राहतातच दुसरीकडे. त्यामुळे घरांचा वाटा त्या किमान १० टक्क्यांवर अडकून राहू शकतो, आणि आपल्या मुलांना शिकवणाऱ्या टीचरला रोज तासभर गाडी चालवत यावं लागतं, हे मला फार लागतं. कमिटीला वर्षातून एकदा तरी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, तिथे जा, ग्रीन कार्डवर असाल, मत देता येत नसेल तरीही जा, आणि घरांसाठी किती ठेवलेत ते सरळ विचारा.