पॅरिश चर्चमधली कामं : कोणी करायची, कशी करायची

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांकडून तिथल्या स्थानिक अँग्लिकन चर्चच्या कामाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. काही ख्रिस्ती कुटुंबांची आहेत, काही शेजारच्या चर्चमध्ये मदतीला जाणाऱ्या हिंदू वाचकांची. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नियम चर्च ऑफ इंग्लंडचे आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडमधली अँग्लिकन चर्चं स्वतंत्र आहेत, तिथे हे नियम गृहीत धरू नयेत.

प्रश्न : चर्चच्या दारावर ‘चर्चवॉर्डन’च्या निवडणुकीची सूचना लागली आहे. मी हिंदू, भारतीय पासपोर्टधारक. शेजारीण म्हणते, तुम्हीही मत देऊ शकता. खरं आहे का? – लेस्टर

उत्तर : खरं आहे. वॉर्डन म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे, निवडून आलेले सामान्यजन. त्यांना निवडणाऱ्या सभेत दोन प्रकारच्या लोकांना मत असतं : चर्चच्या स्वतःच्या यादीत, म्हणजे इलेक्टोरल रोलवर, नाव असलेले, आणि त्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या कार्यक्षेत्राच्या, हद्दीत राहणारे स्थानिक स्वराज्य निवडणुकीचे मतदार. दुसऱ्या गटाला धर्माची अट नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून भारतीयांना यूकेत मतदार नोंदणी करता येते, त्यामुळे काउन्सिलच्या यादीत नाव असेल तर तुम्हाला मत आहे. घर नेमकं कोणत्या पॅरिशमध्ये येतं ते ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर दिसतं. रस्त्याच्या दोन बाजू दोन पॅरिशमध्ये असतात, असंही पुष्कळदा होतं.

ही सभा दरवर्षी ३१ मेच्या आत व्हावी लागते. साधारणपणे दोन वॉर्डन निवडतात. उमेदवाराचं नाव सभा सुरू होण्यापूर्वी लेखी द्यायचं, त्यावर सूचक आणि अनुमोदक दोघांच्या सह्या हव्यात. सभेत हात वर करून ऐनवेळी नाव सुचवता येत नाही, आणि दरवर्षी कुठे ना कुठे गोंधळ होतो तो याच मुद्द्यावर. उमेदवार मात्र बाप्तिस्मा झालेला, रोलवर नाव असलेला, पवित्र सहभागिता (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा ख्रिस्ती विधी) घेणारा आणि किमान २१ वर्षांचा असावा लागतो. याच सभेला लागून दुसरी सभा होते, तिच्यात पॅरिशची कार्यकारिणी म्हणजे पीसीसी निवडतात. तिथे फक्त रोलवरच्या लोकांना मत असतं.

प्रश्न : मी मूळची नगरची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतली. इथल्या व्हिकरांनी (चर्चच्या मुख्य पाळकांनी) मला वेदीची तयारी आणि प्याला देण्याची सेवा विचारली आहे. साधारण चाळीस माणसं असतात. काय, किती आणि कसं मांडायचं? – बर्मिंगहॅम

उत्तर : आधी कागदपत्रं. सीएनआय हे चर्च ऑफ इंग्लंडशी सहभागितेत, म्हणजे परस्परमान्यतेच्या नात्यात, असलेलं चर्च आहे. त्यामुळे तुम्ही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि त्या पॅरिशच्या रहिवासी असाल तर रोलवर नाव सरळ घालता येतं. प्याला देण्यासाठी बिशपांच्या व्यवस्थेनुसार अधिकृत परवानगी लागते. ती व्हिकर मिळवून देतात. परवानगी येईपर्यंत प्याला हातात घेऊ नका. तयारी मात्र कोणीही करू शकतं.

उपासनेच्या अर्धा-पाऊण तास आधी या. वेदीवरच्या लांब पांढऱ्या कापडावर मधोमध कॉर्पोरल नावाचं चौकोनी कापड पसरायचं. त्यावर प्याला, पाळकांची मोठी वेफर (भाकर म्हणून वापरायची पातळ चकती) ठेवलेली थाळी, आणि प्याल्यावर झाकण म्हणून ताठ चौकोनी पॉल. बाजूच्या छोट्या टेबलावर द्राक्षारसाची आणि पाण्याची झारी, लहान वेफर्सचा डबा, हात धुण्याचं भांडं आणि टॉवेल. प्रत्येक प्याल्यामागे एक प्युरिफिकेटर, म्हणजे प्याला पुसायचं सुती किंवा लिननचं कापड, आणि एक जादा.

चाळीस जणांसाठी वेफर्स पंचेचाळीस काढा. दारावरच्या स्वयंसेवकाने डोकी मोजून उपदेश संपायच्या आत आकडा सांगावा, म्हणजे कमी-जास्त करता येतं. द्राक्षारस माणशी ६ ते ८ मिली धरला तर २५० ते ३०० मिली पुरतो. तो दोन प्याल्यांत वाटा आणि प्याला अर्ध्याहून जास्त भरू नका. गुडघे टेकलेल्या माणसाच्या ओठाशी भरलेला प्याला तिरका केला की तो कपड्यांवर सांडतो. नव्या स्वयंसेवकांचा हात नेहमी जास्तच ओततो. इथे थोडी काटकसर बरी, कारण आशीर्वादित द्राक्षारस उरला तर तो मोरीत ओतायचा नसतो, तिथेच आदराने पिऊन संपवायचा असतो. गाडी चालवून घरी जायचं असेल किंवा दारू वर्ज्य असेल तर ते पाळकांना आधीच सांगा. कमी पडला तर झारीतला साधा द्राक्षारस स्वतःहून प्याल्यात घालू नका. पाळकांना खूण करा, जादा द्राक्षारसावरची प्रार्थना तेच करतील.

प्रत्येकानंतर प्याल्याची कड आतून-बाहेरून पुसा, प्याला पाव वळण फिरवा आणि कापडाचीही नवी बाजू घ्या. काही जण वेफर प्याल्यात बुडवतात, ते स्वच्छ वाटतं म्हणून. प्रत्यक्षात बोटं द्राक्षारसात जातात आणि गव्हाचा अंशही. ज्यांना प्याल्याची धास्ती वाटते त्यांनी फक्त भाकर घ्यावी, सहभागिता पूर्णच असते. हे त्यांना प्रेमाने आणि आधीच सांगायला हवं. रेलिंगपाशी सांगून कुणाला ओशाळं करू नये.

सीलिअॅक (ग्लुटेन न चालणारा आजार) असलेल्यांसाठी ग्लुटेन-फ्री वेफर वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवा, त्याच पसरट थाळीच्या कोपऱ्यात ठेवू नका. गव्हाच्या वेफर्स हाताळलेल्या बोटांनी ती उचलू नये. पाळक मोठ्या वेफरचा तुकडा ज्या प्याल्यात टाकतात तो प्यालाही या माणसाला चालत नाही, त्याला दुसरा द्यावा.

कापडं धुताना पहिलं पाणी थंड घ्या. गरम पाण्याने द्राक्षारसाचा डाग पक्का होतो. ते पहिलं पाणी बागेत मातीवर ओता, मग नेहमीसारखं धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, कापड ओल टिपेनासं होतं. प्याल्याच्या आतल्या सोनेरी मुलाम्याला पॉलिश कधीही लावू नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे.

प्रश्न : दान मोजायला मी आणि माझे पती दोघं बसायला तयार आहोत, तरी खजिनदार नको म्हणतात. अविश्वास वाटतो. – रेडिंग

उत्तर : अविश्वास नाही, उलट तुमच्यावर कधी आळ येऊ नये म्हणून हा नियम पाळला जातो. मोजणारे दोघे एकमेकांच्या नात्यातले नसावेत. तुम्ही एका रविवारी बसा, पती दुसऱ्या रविवारी. पैसे चर्चमध्येच, उपासनेनंतर लगेच मोजायचे. नोटा, नाणी आणि लिफाफे वेगळे लिहायचे, दोघांनी सही करायची.

दोन गोष्टी हटकून चुकतात. एक, दानातूनच दूध-बिस्किटांचे पैसे देऊन उरलेलं बँकेत भरणं. असं करू नका. सगळी रोख आधी बँकेत जाऊ दे, खर्च पावतीवर वेगळा मागा. छोट्या दानांच्या सरकारी योजनेत ३० पौंडांपर्यंतच्या रोख किंवा कॉन्टॅक्टलेस दानावर, वर्षाला ८,००० पौंडांच्या मर्यादेत, एका पौंडामागे २५ पेन्स मिळतात. म्हणजे जास्तीत जास्त २,००० पौंड. रोख बँकेत भरलीच नाही तर तिच्यावर दावा करता येत नाही. दुसरी चूक गिफ्ट एडची, म्हणजे करदात्याच्या दानावर चर्चला सरकारकडून जादा रक्कम मिळवून देणाऱ्या योजनेची. त्यातही पौंडामागे २५ पेन्सच मिळतात, पण देणाऱ्याने त्या वर्षी तेवढा कर भरलेला असावा लागतो. करपात्र उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याने भिडेखातर त्या घोषणेवर सही केली, तर फरकाची रक्कम कर खातं त्याच्याकडे मागू शकतं. लिफाफा पुढे करणाऱ्याने हे स्पष्ट सांगायला हवं.

प्रश्न : संडे स्कूलमध्ये शिकवायची इच्छा दाखवली, तर भारतातल्या पोलिसांचा दाखला मागितला. वीस वर्षं मंडळीत सेवा केलेल्या माणसाला हे लागतं. – स्लाव

उत्तर : तुमचं दुखणं कळतं. पण डीबीएस तपासणीत, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या इथल्या सरकारी तपासणीत, परदेशातली नोंद दिसत नाही, म्हणून परदेशात राहून आलेल्यांकडे तिथला दाखला मागतात. गोरा माणूस ऑस्ट्रेलियातून आला तरी हेच. भारतातून निघायच्या आधी पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढलं तर सोपं जातं. यूकेत असाल तर उच्चायोगाच्या पासपोर्ट सेवेमार्फत अर्ज करा.

बाकीचा क्रम असा : कामाचं लेखी स्वरूप, अर्ज, दोन संदर्भ (तुम्हाला ओळखणाऱ्यांचे अभिप्राय), गोपनीय घोषणापत्र, छोटी मुलाखत, मग डीबीएस. स्वयंसेवकाला डीबीएसचं शासकीय शुल्क लागत नाही. त्यानंतर ऑनलाइन प्रशिक्षण, जे दर तीन वर्षांनी पुन्हा करायचं. फुलं सजवणं किंवा वचन वाचणं यासाठी डीबीएस लागत नाही, तोवर ते सुरू करा.

मुलाने काही त्रासाचं सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, उलटतपासणी करू नका. त्याचेच शब्द वेळेसह लिहा आणि त्याच दिवशी पॅरिशच्या सेफगार्डिंग (सुरक्षितता) अधिकाऱ्याला द्या. ही बाब २४ तासांत डायोसीसकडे, म्हणजे बिशपांच्या क्षेत्राच्या कार्यालयाकडे, जायला हवी. तातडीचा धोका असेल तर आधी ९९९.

प्रश्न : वडील सीएनआयचे निवृत्त पाळक, तीन महिन्यांसाठी येत आहेत. इथे पवित्र सहभागिता चालवू शकतील का? – मिल्टन कीन्स

उत्तर : लगेच नाही. परदेशात दीक्षा झालेल्या पाळकांना १९६७ च्या कायद्यानुसार प्रांताप्रमाणे कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपांची परवानगी लागते, शिवाय स्थानिक बिशपांची. दीक्षेचे दाखले आणि त्यांच्या बिशपांचं पत्र बरोबर आणायला सांगा आणि अर्ज बराच आधी करा. वचन वाचणं, मध्यस्थीची प्रार्थना करणं हे मात्र व्हिकरांच्या आमंत्रणावरून करता येतं. उपदेशासाठी व्हिकरांनी बिशपांच्या नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी. व्हिसाच्या अटी वेगळ्या तपासा.

प्रश्न : चर्चची साफसफाई केली तर चर्चच्या शाळेत मुलाला प्राधान्य मिळतं का? – हॅरो

उत्तर : नाही. पालकांनी शाळेला किंवा धर्मसंस्थेला केलेल्या कामाच्या वा पैशाच्या मदतीवरून प्राधान्य द्यायला इंग्लंडच्या शाळाप्रवेश संहितेत मनाई आहे. नियमित उपासनेला येणं हा निकष काही शाळांत असतो, तो त्या शाळेच्या प्रवेशधोरणात वाचा.

प्रश्न : आमचे व्हिकर बदलून गेले. नवे येईपर्यंत कोण चालवतं? – वुल्व्हरहॅम्प्टन

उत्तर : कारभार दोन्ही वॉर्डन आणि एरिया डीन (आसपासच्या पॅरिशांवर देखरेख करणारे पाळक) मिळून पाहतात. पवित्र सहभागितेसाठी दीक्षित प्रीस्टच हवा. डीकनलाही (प्रीस्टच्या आधीच्या पायरीवरच्या दीक्षिताला) ती चालवता येत नाही. बहुतेक रविवार बिशपांची परवानगी असलेले निवृत्त पाळक सांभाळतात, त्यांचं वेळापत्रक तीन महिने आधी भरून घ्या. निळा पट्टा घालणारे रीडर हे परवानाधारक सामान्यजन असतात. ते सकाळची उपासना चालवतात आणि उपदेशही करतात. पाहुण्या पाळकांची गाडी वाटेत बंद पडली तर काय, याचा विचार आजच करा : सकाळच्या प्रार्थनेचा छापील क्रम वेस्ट्रीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) ठेवा, वॉर्डन तो चालवू शकतात. सहभागितेची मुख्य प्रार्थना मात्र प्रीस्टशिवाय कोणीही म्हणू नये.

नव्या नियुक्तीसाठी पीसीसी दोन सामान्यजन प्रतिनिधी निवडते. जबाबदारी मोठी आहे, त्यामुळे ज्यांना मुलाखतींसाठी सुट्टी काढता येईल तेच निवडा. या काळात इमारतीकडे दुर्लक्ष होतं, आणि पानगळीनंतर पन्हळी तुंबल्या की भिंतीत ओल उतरते. डिसेंबरच्या आत त्या साफ करून घ्या, उंचावरचं काम ठेकेदाराला द्या आणि वॉर्डनच्या लॉगबुकमध्ये तारीख टाका.