फॉर्ममध्ये लिही, सगळं लिही

बाळा,

तुझा मेसेज वाचला. बाबांच्या ऑपरेशनचं वसुलीवाल्यांकडे गेलेलं बिल, थकलेलं क्रेडिट कार्ड, शिवाय बंदी असताना ऑफिसच्या लॅपटॉपला लावलेला स्वतःचा पेनड्राइव्ह आणि त्याबद्दल मिळालेली लेखी ताकीद. शेवटी सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या गोपनीय कामाच्या परवानगीच्या, फॉर्मबद्दल विचारतेस, "काका, हे सगळं एसएफ-८६ मध्ये लिहायलाच हवं का?"

हो, लिहायचं. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

कर्ज दिसलं की क्लिअरन्स गेला, हे मित्रमैत्रिणींकडून ऐकलेलं डोक्यातून काढून टाक. घराचे, शिक्षणाचे हप्ते वेळेवर भरणाऱ्याला अमेरिकन सरकार काही म्हणत नाही. त्यांना धास्ती थकवणाऱ्याची आणि टाळाटाळ करणाऱ्याची असते, आणि ती उगाच नाही. सीआयएचा अल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये कर्जाने गांजला होता, तेव्हा ५० हजार डॉलरसाठी त्याने सोव्हिएत वकिलातीला गुपितं विकली. १९९४ मध्ये तो पकडला गेला, पण तोवर त्याने उघड केलेल्या कित्येक हेरांना मृत्युदंड झाला होता.

क्लिअरन्स ठरवण्याच्या, २०१७ पासून लागू असलेल्या १३ निकषांत पैशाचा निकष वेगळा आहे, कॉम्प्युटरचा वेगळा. आजारपण, गेलेली नोकरी, घटस्फोट यांमुळे कर्ज झालं असेल तर ते विचारात घेतात. पण त्यानंतर तू काय केलंस, हेही बघतात. म्हणून उद्याच हॉस्पिटलच्या बिलिंगला फोन कर आणि हप्ता बांधून घे. ५० डॉलरचा असला तरी चालेल, पावत्या मात्र जपून ठेव. सरकारी आक्षेपांचं पत्र हातात पडल्यावर सुरू केलेल्या हप्त्यांना तेवढं वजन राहत नाही.

पेनड्राइव्हचंही तेच. चूक किरकोळ होती आणि केवळ काम लवकर व्हावं म्हणून झाली, तर नियमांत त्यालाही जागा आहे. मात्र "मला माहीत नव्हतं" असं लिहू नकोस, ताकीदपत्रावर तुझी सही आहे! गेल्या सात वर्षांतल्या लेखी ताकिदीबद्दल फॉर्म सरळ विचारतो.

मुद्दाम गाळलंस तर प्रकरण आणखी एका निकषात जातं, प्रामाणिकपणाच्या. शिवाय जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. आणि शंका राहिली तर तिचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने क्लिअरन्स नाकारण्याबद्दलच्या १९८८ च्या इगन खटल्यात उचलून धरलेली कसोटी तीच आहे. त्यांनी विचारण्याआधी तू सांगितलेलं असलं पाहिजे. एवढंच मी वर्षानुवर्षं सांगत आलोय.

डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा माझी नोकरी गेली, कार्डं थकली. पुढे फॉर्म भरताना सोबतचे म्हणाले, "कोण बघतंय?" मी एकेका कार्डाची बाकी लिहिली. क्लिअरन्स रेंगाळला, हातातलं प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलं. तुझी काकू अजून म्हणते की मी संकट ओढवून घेतलं. त्या काळात तिने एकटीच्या पगारावर घर चालवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण चौकशी अधिकारी माझा क्रेडिट रिपोर्ट घेऊन समोर बसला तेव्हा त्यातला प्रत्येक आकडा माझ्या फॉर्ममध्ये आधीच होता. तो वाचत गेला, पानं उलटत गेला. मी पुन्हा तसंच करीन. काकूला हे पटो न पटो.

आणि हो, साताऱ्याला आजीला पाठवतेस ते पैसेही लिही. परदेशी नागरिकाला केलेली मदत म्हणून त्याचा रकाना आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आजीला पैसे पाठवणारी नात कोणाला वाईट वाटेल?

क्लिअरन्स मिळाल्यावर सुटलो, असंही नसतं. आता तपासणी सतत चालू असते, नवी थकबाकी त्यांना आपोआप कळते. तेव्हा इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन, या तिन्ही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट फुकट मिळतात ते काढ, ताकीदपत्राची प्रत घे आणि शनिवारी घरी ये. एकेक ओळ ताडून बघू. तोवर सबमिटचं बटण दाबू नकोस.

तुझा काका