मिड-रेंज (मधल्या किमतीच्या) फोनमध्ये काय चांगलं असतं आणि काय कमी पडतं?

स्क्रीन आणि बॅटरीच्या बाबतीत बिनधास्त घ्या, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, म्हणून स्क्रोलिंग गुळगुळीत) अ‍ॅमोलेड (काळा रंग गडद दाखवणारा) डिस्प्ले नि ५००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी आता या रेंजमध्ये सर्रास मिळते, साधा वापर असेल तर दिवसभर चिंता नाही. खरी काटछाट कॅमेऱ्यात होते, मागे बरेचदा तीन लेन्स दिसतात पण त्यातली २ मेगापिक्सेलची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) निव्वळ शोभेला, ऑप्टिकल झूम (लेन्सनेच लांबचं जवळ आणणं) बहुतेकदा नसतोच आणि रात्री हलणाऱ्या माणसाचा फोटो काढला की धूसर येतो. जड गेम खेळलात तर फोन तापतो नि मग प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो. रॅमच्या (चालू अ‍ॅप्ससाठीच्या तात्पुरत्या मेमरीच्या) आकड्यावर तर अजिबात जाऊ नका, त्यात बरेचदा व्हर्च्युअल रॅम धरून सांगतात, म्हणजे स्टोरेजचाच तुकडा! त्यापेक्षा अँड्रॉइड अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी बघा.