स्मरणचित्र पाठ करून घेऊ नका

मॅडम, चित्रकलेचा तास नव्यानेच मिळालाय, म्हणून सांगतो. "मनाने काहीही काढा" म्हटलंत की बहुतेक वह्यांत तेच येईल: दोन डोंगर, मधोमध सूर्य, झोपडी, नारळ. नाशकातल्या पोरांना द्राक्षाचा मांडव काढता येत नाही, नारळ मात्र येतो!

फळ्यावर नमुना काढायचा मोह टाळा. मीही वर्षानुवर्षं काढला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी स्मरणचित्रं, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवून काढायची चित्रं, अक्षरशः घोटून घेतली. इंटरमिजिएटला अ श्रेणी म्हणजे दहावीला ७ वाढीव गुण, पालक खूश. पण 'भाजीबाजार' पाठ केलेल्या मुलाला 'बसथांबा' आला की तो भाजीवालीलाच थांब्यावर बसवायचा. हसलो तेव्हा. खरं तर ती भाजीवाली माझीच होती, फळ्यावरची.

त्यापेक्षा एखाद्या बुधवारी मुलांना गोदाकाठच्या बाजारात न्या. खोडरबर शाळेतच ठेवा. तिथल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा दहा जणांना काढायला सांगा. दहा तऱ्हेच्या येतील. वाकडी आली तरी तिला हात लावू नका, फक्त विचारा, "तू कुठे उभा होतास?"

मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतीलच. स्मरणचित्राची तयारी चाललीय म्हणा. खोटंही नाही ते.