न्यूमाचे राज्य आणि न्यूमाच्या पोथ्या

प्रश्न : लांडगीच्या दुधावर वाढलेल्या रोम्युलसची कथा सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्यामागून रोमच्या गादीवर आलेल्या न्यूमा पॉम्पिलियसबद्दल मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. हा राजा खरोखर होऊन गेला का, आणि रोमन लोक त्याला एवढे का मानत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर अधिक निश्चितपणे देता येते. परंपरेनुसार न्यूमाने इ. स. पू. ७१५ ते ६७२ अशी ४३ वर्षे राज्य केले. रोम्युलसनंतर सुमारे वर्षभर गादी रिकामी होती आणि सेनेट या ज्येष्ठांच्या सभेचे सभासद पाळीपाळीने कारभार पाहत होते. नवा राजा रोमन असावा की सॅबाइन या शेजारच्या जमातीचा, हा वाद बराच चालला आणि अखेर सॅबाइनांच्या क्युरीझ गावच्या न्यूमावर एकमत झाले. तो सॅबाइन राजा टेशियस याचा जावई होता. मात्र पत्नीच्या निधनानंतर दरबारी राजकारणापासून दूर, रानावनात आणि देवधर्मात रमलेला तो चाळिशीचा गृहस्थ होता. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या सांगण्यानुसार त्याने आधी नकारच दिला. वडिलांनी व आप्तांनी मन वळवल्यावर तो रोमला आला, आणि तिथेही पक्ष्यांचा शकुन अनुकूल निघेपर्यंत त्याने राजवस्त्रे अंगावर घेतली नाहीत. गादीवर बसताच त्याने रोम्युलसच्या ३०० अंगरक्षकांचे पथक मोडून टाकले.

पुढे रोमन धर्मव्यवस्थेतील जे जे जुने आणि ज्याचे मूळ कोणाला सांगता येत नव्हते, ते ते न्यूमाच्या नावावर जमा होत गेले. वेस्टा देवीचा अग्नी तेवत ठेवणाऱ्या कुमारिका, मार्च महिन्यात ढाली घेऊन नाचणारे सॅलियन पुरोहित, शेताच्या बांधांचा देव टर्मिनस याची पूजा, धर्मकृत्यांवर देखरेख ठेवणारे पॉन्टिफ, हे सारे त्याने सुरू केले असे रोमन मानत. दारांचा देव जेनस याचे द्वारही त्याचेच : युद्ध चालू असताना ते उघडे आणि शांततेत बंद ठेवायचे. न्यूमाच्या सबंध कारकिर्दीत ते बंद राहिले, आणि त्यानंतर रोमन इतिहासकार लिव्हीने इतिहास लिहायला घेईपर्यंतच्या सहा शतकांत ते केवळ दोनदा बंद झाले, असे लिव्ही नोंदवतो. रोमच्या युद्धखोरीवर त्यांच्याच इतिहासकाराने मारलेला याहून बोचरा शेरा शोधून सापडणार नाही.

न्यूमाच्या कथांपैकी मला सर्वांत आवडते ती त्याने देवांचा राजा ज्युपिटर याच्याशी घातलेल्या हुज्जतीची. ती रोमन कवी ऑव्हिड आणि प्लुटार्क दोघांनीही सांगितली आहे. वीज पडली की तिच्या दोषाचे निवारण कसे करावे, हे न्यूमाला जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्याने देवाला भूतलावर उतरवले, तेव्हा ज्युपिटर म्हणाला की डोके लागेल. न्यूमाने लगेच जोडले, कांद्याचे. देवाने सुधारून सांगितले, माणसाचे. न्यूमा म्हणाला, माणसाचे केस देतो. जिवंत हवे, असे देवाने बजावताच त्याने लहानशी मासळी पुढे केली. ऑव्हिडच्या काव्यात यावर देव हसतो आणि तडजोड मान्य करतो. आपल्या धर्मात नरबळी नाही याचा अभिमान बाळगणाऱ्या लोकांनी त्याचे श्रेय कोणाला दिले, ते यावरून कळते. तलवारीला हातही न लावता देवाकडून सवलत मिळवणारा हा राजा रोमनांना हवा होता, कारण त्यांचा पहिला राजा भावाचा खून करून गादीवर बसला होता.

आता तो होता का? रोममध्ये राजे होते, यात शंका नाही. १८९९ साली रोमच्या फोरम या मुख्य चौकातील काळ्या फरशीखाली सापडलेल्या, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात राजाचा उल्लेख आहे. परंतु परंपरेचे सात राजे २४४ वर्षांत बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी जवळजवळ ३५ वर्षे येतात, आणि त्यातले काही अनैसर्गिक मृत्यूने गेलेले. हा हिशेब पटणारा नाही. शिवाय गॉल लोकांनी इ. स. पू. ३९०च्या सुमारास शहर जाळले तेव्हा बहुतेक जुनी दप्तरे नष्ट झाली, हे लिव्ही स्वतःच मान्य करतो. म्हणून आजचे अनेक अभ्यासक न्यूमाला दंतकथेतच ठेवतात, आणि मला तेच योग्य वाटते. त्याच्या नावावरच्या प्रथा मात्र खऱ्या आणि फार जुन्या आहेत.

प्रश्न : आपल्या कॅलेंडरातील जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने न्यूमाने घातले, हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोमन परंपरा तसे म्हणते. रोम्युलसचे वर्ष मार्चपासून डिसेंबरपर्यंत दहा महिन्यांचे व ३०४ दिवसांचे होते. न्यूमाने त्यात दोन महिने घालून ते ३५५ दिवसांचे केले. चांद्रवर्षाचे दिवस ३५४ भरतात, पण सम संख्या अशुभ मानली जात असल्याने एक दिवस वाढवला, आणि सम दिवसांचा एकटा फेब्रुवारी पितरांच्या व शुद्धीच्या विधींकडे गेला. सौरवर्षाशी मेळ राखण्यासाठी, आपण अधिक मास धरतो तसा, काही वर्षांनी फेब्रुवारीला जोडून जादा महिना धरावा लागे. फरक एवढाच की आपल्याकडे तो गणिताने ठरतो. रोममध्ये तो पॉन्टिफांच्या मर्जीवर होता, आणि मर्जीतल्या अधिकाऱ्याची मुदत लांबवण्यासाठीही तो वापरला जाई. घोळ इतका वाढला की तो निस्तरताना ज्युलियस सीझरला इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. प्रत्यक्षात ही बारा महिन्यांची रचना न्यूमाच्या मानलेल्या काळानंतर बऱ्याच उशिरा झाली असावी.

प्रश्न : न्यूमाने लिहिलेली पुस्तके रोमन सरकारनेच जाळली, असे वाचले. एवढ्या पूज्य राजाचे लेखन का जाळावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही घटना इ. स. पू. १८१ची आहे आणि ती दंतकथा नव्हे. जॅनिक्युलम टेकडीच्या पायथ्याशी एका सरकारी लेखनिकाच्या शेतात खोल नांगरट करताना दोन दगडी पेट्या निघाल्या. लिव्हीने त्यांचे माप सुमारे आठ फूट लांब व चार फूट रुंद असे दिले आहे, आणि झाकणे शिशाने पक्की केलेली होती. एका पेटीत न्यूमाचे शव असल्याचे वर कोरले होते, पण आत काहीच नव्हते. दुसरीत मेणवलेल्या दोरीने बांधलेले दोन गठ्ठे होते : लॅटिनमधील सात पुस्तके धर्मनियमांची आणि ग्रीकमधील सात तत्त्वज्ञानाची. पाचशे वर्षे जमिनीत राहूनही ती अगदी कोरी करकरीत दिसत होती, असे लिव्ही लिहितो आणि पुढे काही बोलत नाही. न्यूमा हा ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरसचा शिष्य होता, ही समजूत त्या वेळी जोरात होती. वास्तविक पायथागोरस त्याच्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी झाला. तेव्हा ही पुस्तके ग्रीक विचारांना रोमच्या आद्य धर्मपुरुषाचा शिक्का मिळवून देण्यासाठी कोणीतरी तयार केली असावीत, असा तर्क सयुक्तिक ठरतो.

सेनेटने मात्र ती खोटी ठरवली नाहीत. प्रेटर म्हणजे न्यायाधिकारी असलेल्या पेटिलियसने ती वाचून, यातील बहुतांश मजकूर प्रचलित धर्माच्या मुळावर येणारा आहे, अशी शपथ घेण्याची तयारी दाखवली, आणि सेनेटला तेवढे पुरेसे वाटले. पाचच वर्षांपूर्वी, इ. स. पू. १८६ मध्ये, मद्याचा देव बाकस याच्या गुप्त उपासनेवर याच सेनेटने कठोर कारवाई केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही घाई समजते. पुस्तके खरी मानावीत तर आपण करतो तो धर्म न्यूमाचा नाही असे कबूल करावे लागे, आणि खोटी म्हणावीत तर त्यांच्यावर जाहीर चर्चा करावी लागे. जाळल्याने दोन्ही टळले. यज्ञबळींची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकांनी कोमिशियम या सभास्थानी लोकांसमोर अग्नी पेटवला आणि सर्व पुस्तके त्यात टाकली. मालकाला योग्य ती किंमत देण्याचेही ठरले होते, पण लेखनिकाने ती घेतली नाही.