जुडी धुतली, पण कुठल्या पाण्यात?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधे एकच विषय फिरून फिरून आला, की भाजी-फळं पिकवणाऱ्याने फूड सेफ्टी शिकायची तर कुठं आणि त्यात शिकायचं नेमकं काय. चार प्रश्न घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो एका गटाचा प्रश्न वाटला तरी गावोगावच्या पालेभाजीवाल्यांचा आहे.

प्रश्न : आम्ही जुन्नर तालुक्यातल्या बचत गटातल्या अकरा जणी. कोथिंबीर, मेथी, पालक, कांदापात घेतो आणि पुण्यातल्या दोन सोसायट्यांना थेट देतो. आता तिथले लोक विचारतात फूड सेफ्टीचं ट्रेनिंग झालंय का, सर्टिफिकेट दाखवा. आम्ही रासायनिक फवारणी करतच नाही, जीवामृत वापरतो, जुड्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धुऊनच पाठवतो. मग ट्रेनिंग कशासाठी? आणि एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन्स काढावं लागतं का?

उत्तर : ताई, लायसन्सचं आधी उरकतो. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, त्यातल्या कलम १८ मधे स्पष्ट म्हटलंय की शेतकऱ्याला आणि शेतावर पिकवलेल्या मालाला हा कायदा लागू नाही, म्हणजे स्वतःच्या रानातली मेथी जशीच्या तशी विकायला लायसन्स नको. पण तुम्ही गट म्हणून दुसऱ्यांचा माल विकत घेऊन पुढे विकायला लागलात, किंवा निवडून चिरून पाकिटात भरून द्यायला लागलात की तो व्यवसाय झाला, तिथं नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते आणि लहान व्यवसायाला फार खर्चाची नाही.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे सुरक्षित भाजी म्हणजे औषध न मारलेली भाजी असं डोक्यात पक्कं बसलंय, आणि तुमच्या पत्रातही तेच दिसतं. फवारणी नाही ही चांगलीच गोष्ट आहे, पण पालेभाजीत दुसरा धोका आहे तो जंतूंचा, ई. कोलाय, साल्मोनेला वगैरे, आणि तो औषध न मारल्यामुळे कमी होत नाही. जंतू येतात शेणातून, माणसाच्या विष्ठेतून, पाण्यातून आणि हातातून. पालक आपण शिजवतो म्हणून बराच वाचतो, पण कोथिंबीर वरून भुरभुरतो, कांदापात कच्ची खातो, कोवळी मेथी भाकरीबरोबर तशीच खातो. अमेरिकेत २००६ साली पालकातूनच ई. कोलायची साथ आली होती, सुमारे २०० माणसं आजारी पडली आणि काही दगावली, कारण तिथं तो सॅलडमधे कच्चा खातात. त्यानंतर २०११ मधे तिथं जो नवा कायदा आला त्यात भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाच ट्रेनिंग घ्यायला लावलं.

म्हणून तुमच्या ओढ्याकडे येतो. वाहतं पाणी स्वच्छ, हा आपला जुना समज, पण वरच्या अंगाला कुणाची म्हैस डुंबते, कुणाचं पोर बसतं, कुठल्या वस्तीची मोरी सुटते हे तुम्हाला खाली दिसत नाही. रानातल्या एका कोपऱ्यातली घाण एरवी तिथंच राहिली असती, ती धुण्याच्या पाण्यातून सगळ्या जुड्यांना लागते. एक वेळ न धुता मुळाची माती झटकून पाठवलेली जुडी बरी. टवटवीत दिसायला धुवायचीच असेल तर काढणीनंतर जे पाणी भाजीला लागतं ते पिण्याच्या लायकीचंच हवं, १०० मिलिलिटरमधे एकही ई. कोलाय नको, यात तडजोड नाही. टाकीत धुणार असाल तर १०० लिटर पाण्याला साधारण ३० ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की १०० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅमच्या, आसपास क्लोरीन मिळतो, आधी बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढं टाकीत घ्यायचं, आणि नंतर साध्या स्वच्छ पाण्यातून जुडी काढायची. पोतं उघडं राहिलं तर टीसीएलचा जोर उडतो, आणि पाणी मातकट झालं की क्लोरीन मातीतच संपतो, तेव्हा पाणी बदलत राहायचं. क्लोरीनने पानावर बसलेला जंतू पूर्ण जात नाही हेही नीट लक्षात घ्या, एका जुडीचा जंतू दुसरीला लागू नये एवढंच त्याचं काम.

जीवामृताबद्दल लिहितो, त्यावर काही वाचक चिडतील तरी लिहितो. २०० लिटरच्या ड्रमात १० किलो ताजं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून चार दिवस सावलीत ठेवलेलं ते द्रावण आहे, जंतू वाढावेत म्हणूनच ते आपण करतो, आणि त्यात फक्त चांगलेच जंतू वाढतील असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. जमिनीत द्या, मुळाशी द्या, पेरणीआधी द्या, पण कापणीला आलेल्या कोथिंबिरीच्या पानावर फवारू नका. कच्च्या शेणखताचंही तेच, आणि धनगराच्या मेंढ्या रानात बसवता त्याचंही. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेण टाकल्यावर, जमिनीला टेकणारं पीक असेल तर काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात, आपली मेथी तर महिन्याभरात निघते. तेव्हा शेणखत कुजवूनच घाला, ढीग आतून ५५ अंशाच्या वर किमान १५ दिवस तापला पाहिजे आणि तेवढ्यात पाच वेळा पालटला पाहिजे म्हणजे कडेचंही आत जातं. वाफ निघते म्हणजे तापला, असा अंदाज नको, लांब दांड्याचा थर्मामीटर गटात मिळून एक घ्या.

आणि हात. मी गावात ट्रेनिंग घेतो तेव्हा एकीच्या हाताला बुक्का लावतो आणि बाकीच्यांबरोबर जुड्या बांधायला बसवतो. पंधरा मिनिटांत बुक्का जुडीवर, सुतळीवर, क्रेटवर, शेजारणीच्या पदरावर आणि पाणी प्यायच्या तांब्यावर दिसतो, मग मला फारसं बोलावंच लागत नाही. रानात बायकांना संडासची सोय नसते, त्या बांधापलीकडे जाऊन येतात आणि परत जुडीला हात घालतात, यात त्यांचा काय दोष, सोयच केलेली नाही. नळ बसवलेला एक ड्रम, साबण, खाली पाणी मुरायला खड्डा, एवढ्यापासून सुरुवात करा आणि संडास जवळ असेल हे बघा. जुलाब लागलेल्या बाईला त्या दिवशी काढणीला बसवायचं नाही, पण तिचा रोज बुडवायचाही नाही, तिला खुरपणीला लावा. रोज बुडणार असेल तर कोण सांगेल पोट बिघडलंय म्हणून?

ट्रेनिंगसाठी आधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, तुमच्या जवळचं आहे, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात आत्माच्या, म्हणजे शेतकऱ्यांना ट्रेनिंग देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, माणसाला सांगा की आम्हा अकरा जणींना गावातच हा विषय हवा, गटाने मागितलं की ते घेतात. तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाची सुगी पश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, काढणीनंतरच्या हाताळणीचं शिकायला ती जागा चांगली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मधे भाजी-फळं पिकवणाऱ्यांसाठी पाच गोष्टींची छोटी पुस्तिका काढली, माणसाची स्वच्छता, जनावरांपासून रानाची राखण, कुजवलेलं खत, पाण्याची पारख आणि काढणीची अवजारं स्वच्छ-कोरडी ठेवणं, फुकट मिळते, घरातल्या शिकलेल्या पोरीला सांगा मोबाईलवर उघडून मराठीत समजावून द्यायला. पुढे सर्टिफिकेटच हवं झालं तर इंडगॅप नावाचं, चांगल्या शेती पद्धतीचं, आहे, ते गटालाही मिळतं. पण सोसायटीवाल्यांना त्याआधी हात धुवायचा ड्रम आणि पाण्याचा रिपोर्ट दाखवा, सर्टिफिकेटपेक्षा त्याने त्यांची खात्री जास्त पटेल.

प्रश्न : द्राक्षाचा प्लॉट एक्स्पोर्टला नोंदवला होता, दिंडोरी तालुका. लेबलवरचा पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यात सोडायचे दिवस) पाळूनही नमुना रेसिड्यूत, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशात, फेल गेला. चूक कुठं झाली?

उत्तर : भाऊ, नुकसान मोठं आहे, वाचून वाईट वाटलं. कारण तुमची स्प्रे डायरी बघूनच सांगता येईल, पण नेहमी सापडतात ती कारणं सांगतो. डब्याच्या लेबलवरचा काढणीपूर्व काळ भारतातल्या मर्यादेप्रमाणे असतो, युरोपची मर्यादा बऱ्याच औषधांत त्याहून कमी आहे, आणि जिथं खास मर्यादा ठरवलेली नाही तिथं किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणून एक्स्पोर्टला लेबल बघून भागत नाही, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी, ज्याला सगळे अ‍ॅनेक्शर फाइव्ह म्हणतात, त्यातले दिवस धरायचे आणि यादी दर हंगामात नवीन घ्यायची. दुसरं म्हणजे टॉनिक आणि बायो म्हणून खपवलेल्या बाटल्या, काहींच्या आत चक्क कीटकनाशक मिसळलेलं निघतं. बिल न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. तिसरं शेजारच्या प्लॉटवरून वाऱ्याने आलेलं, चौथं न धुतलेला ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र.

२०१० विसरू नका. तेव्हा सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे, अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली. शेंड्याची वाढ रोखायला छाटणीनंतर ते देतात, काढणी तिथून कितीतरी महिने लांब, इतक्या आधीचं आता कुठं राहिलं असेल असं सगळ्यांनाच वाटायचं, आणि तोवर आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. वेल ते धरून ठेवतो हे फार महागात शिकायला मिळालं. म्हणून स्प्रे डायरी एप्रिल छाटणीपासून लिहायची, ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून नाही, आणि त्यात टॉनिकसुद्धा बॅच नंबरसकट.

प्रश्न : कोल्हापुरात घरच्या घरी मोड आलेली मेथी, मूग, मटकी पाकिटात भरून विकायचा विचार आहे, जिमला जाणारी मुलं सॅलडला मागतात. यात काही काळजी?

उत्तर : खूप काळजी, आणि मी तुम्हाला घाबरवतोय असं वाटलं तरी चालेल. २०११ मधे उत्तर जर्मनीत एक भयंकर साथ आली, जवळपास ४,००० लोक आजारी, ५० हून जास्त मृत्यू, कितीतरी जणांच्या किडन्या गेल्या. आधी स्पेनच्या काकडीवर आळ घेतला, तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला, आणि शेवटी धागा गेला मोड आलेल्या मेथीवर, इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यावर. दाण्याच्या सालीत चार जंतू असले तरी मोड आणायला आपण जी ऊब आणि ओल देतो ती त्यांनाही हवीच असते, दोन दिवसांत चाराचे लाखो होतात, आणि वरून धुऊन ते जात नाहीत. आपल्या घरात मटकीची उसळ शिजवूनच होते म्हणून आपण वाचतो. तेव्हा पाकिटावर ठळक लिहा, शिजवून किंवा निदान वाफवून खा. पेरणीचं बियाणं मोडाला कधीच वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं. पाणी पिण्याचं, भांडी रोज उकळत्या पाण्याने, माल फ्रिजमधून फ्रिजमधे. पहिल्या ताईंना लायसन्स नको म्हटलं पण तुम्हाला नोंदणी लागणार, कारण हे शेत नाही, खाद्यपदार्थ तयार करणं आहे, आणि एफएसएसएआयचं फॉस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग तुमच्यासारख्यांसाठीच आहे, ते आधी करा. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांच्यासाठी कच्चे मोड मागितले तर सरळ नाही म्हणा.

प्रश्न : दौंड तालुका, आमच्याकडे बेबी कालव्याचं पाणी. शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडतात म्हणतात, वास तर येतो. यावर भाजी करावी का? पाणी तपासायचं कुठं?

उत्तर : वास येतोय त्या पाण्यावर पालेभाजी, काकडी, टोमॅटो, गाजर, म्हणजे जे कच्चं खाल्लं जातं ते करू नका. ऊस करा, चारा करा, फुलं करा. भाजी करायचीच असेल आणि दुसरं पाणी नसेल तर मचाणावरची किंवा तारेवरची, फळ जमिनीला न टेकणारी घ्या, दोडका, कारलं, घेवडा, आणि पाणी ठिबकनेच द्या. स्प्रिंकलर आणि पाटपाणी नको. फवारणीचं औषध कालवायलासुद्धा हे पाणी वापरू नका, लोक इथं हमखास चुकतात, कारण ते थेट पानाफळावर जातं. काढणीच्या आधी पाणी जितके दिवस तोडता येईल तितकं बरं, ऊन आणि कोरडेपणाने जंतू मरतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. स्वतःही त्या पाण्यात अनवाणी उभे राहू नका, बूट घाला.

तपासणीला सगळ्यात जवळची सोय गावातच आहे. जलजीवन मिशनमधे प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, ग्रामपंचायतीत विचारा तुमच्याकडे कोण आहेत. त्यांच्याकडच्या एच टू एसच्या छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं की त्यात विष्ठेची घाण आहे. कालव्याचं काळं पडणारच, ते बघण्यात अर्थ नाही, तुम्ही माल धुता किंवा हात धुता त्या विहिरीचं आणि बोअरचं बघा. कालव्याच्या कडेच्या विहिरीत तेच पाणी पाझरतं. आकड्यातला रिपोर्ट हवा तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली आणा, घरातली पाण्याची जुनी बाटली चालत नाही, भरताना तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवा आणि शक्यतो सहा तासांत पोचवा, म्हणजे सकाळी भरा आणि तडक निघा. पावसाळा सुरू झाल्यावर पुन्हा एकदा द्या, पहिल्या पुरात सगळं धुऊन विहिरीत येतं.